झाकलेलं कर्ज

अमेरिकेत संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या खासगी कंपन्यांत आता मराठी आडनावं दिसू लागली आहेत. शिकायला गेलेली, नोकरीत रुळलेली आणि रीतसर नागरिकत्व घेतलेली आपली मुलंमुली व्हर्जिनिया-मेरीलँडच्या पट्ट्यात अशा कंपन्यांत काम करतात. कामाचा एखादा भाग गोपनीय असला, की त्याला हात लावण्याआधी सरकारकडून ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ घ्यावा लागतो. तो अमेरिकन नागरिकालाच मिळतो आणि त्यासाठी आपल्या आयुष्याचा हिशेब एका लांबलचक फॉर्ममध्ये मांडावा लागतो. क्लिअरन्स अडण्याच्या कारणांत पैशांच्या अडचणी कायम वरच्या रांगेत असतात. आपल्याकडे मात्र कर्जाबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. घरची शिकवण आणि परक्या देशाचा नियम समोरासमोर आले, की काय करायचं?

पुढच्या संवादातली माणसं कल्पित आहेत. त्यात आलेले नियम, निकाल आणि हेरगिरीची प्रकरणं खरी आहेत. श्रीकांतकाका मेरीलँडमधल्या एका कंत्राटदार कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. कर्मचाऱ्यांचे क्लिअरन्सचे कागद त्यांच्या हाताखालून जात. आता निवृत्त आहेत. अनुजा त्यांची पुतणी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, अलीकडेच अमेरिकन नागरिक झालेली. फॉर्म भरायची तिची ही पहिलीच वेळ.

अनुजा : काका, पैशांबद्दलचा सव्विसावा भाग सोडून सगळा फॉर्म भरून झालाय. त्या भागात मी सगळीकडे ‘नाही’ लिहिणार आहे. आणि ते खोटं आहे असं मला वाटत नाही.

काका : आधी प्रकरण सांग. खरं-खोटं मग ठरवू.

अनुजा : तासगावच्या दादानं, म्हणजे माझ्या मामेभावानं, बेदाण्याच्या शेडसाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, पगाराची स्लिप होती, म्हणून जामीनदार म्हणून सही केली. मामा म्हणाला, नुसती सही तर आहे. पुढे अवकाळीनं बाग गेली, हप्ते थकले. गेल्या दिवाळीत सांगलीच्या घरी पतसंस्थेचं पाकीट आलं. हप्ते वर्षभर थकलेले, दंडव्याज धरून सव्वासहा लाख येणे आणि खाली ‘जामीनदार क्र. २’ असं लिहून माझं नाव. आईनं नोटिशीचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ मेसेज केला, कुणाजवळ बोलू नकोस. त्यातला एक रुपया मी पाहिलेला नाही. मग ते माझं कर्ज कसं?

काका : कायद्यानं आहे. भारतीय करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं, की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आणि इथला फॉर्म, एसएफ-८६, तू नीट वाच. सव्विसाव्या भागात स्पष्ट सांगितलंय, की ज्या देण्याला तू सहकर्जदार किंवा जामीनदार आहेस, तेही धरायचं. गेल्या सात वर्षांत कुठलं कर्ज बुडालं का, १२० दिवसांहून जास्त थकलं का, वसुली एजन्सीकडे गेलं का, असे सरळ प्रश्न आहेत. तुझं उत्तर ‘हो’ आहे.

अनुजा : पण ते दिसतं कुणाला? इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन, तिन्हीकडचे माझे क्रेडिट रिपोर्ट मी काढले. स्वच्छ आहेत. तासगावच्या पतसंस्थेचा त्यात मागमूस नाही. जे कर्ज मी घेतलं नाही, जे या देशात घेतलेलं नाही आणि जे या देशाच्या कुठल्याही नोंदीत नाही, ते स्वतः होऊन सांगायला जाणं म्हणजे आ बैल मुझे मार. काका, झाकली मूठ सव्वा लाखाची.

काका : मूठ झाकलेली आहे असं तुला वाटतंय. मोज बरं, हे कर्ज किती जणांना माहीत आहे?

अनुजा : दादा, वहिनी, मामा. आई-बाबा. दुसरा जामीनदार, तो दादाचा मित्र.

काका : पतसंस्थेचा मॅनेजर, वसुली अधिकारी, संचालक मंडळ. आणि मामाची भाची अमेरिकेत कुठल्या कंपनीत आहे हे गावात कुणाला माहीत नाही? म्हणजे अमेरिकन सरकार सोडून बाकी सगळ्यांना माहीत आहे. क्लिअरन्सच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट अवस्था हीच. उद्या त्यांतलाच कुणी, किंवा त्यांच्याकडून ऐकलेला कुणी, तुला फोन करून म्हणाला, की तुझ्या कंपनीला कळवू का, तर तुझ्याकडे उत्तर काय? आज तू फॉर्ममध्ये लिहिलंस, तर त्या फोनला काही किंमत राहत नाही. कळवायचं ते तूच कळवलेलं असेल.

अनुजा : हे सिनेमातलं झालं. बेदाण्याच्या शेडवरून कोण कुणाला ब्लॅकमेल करतं? सरकारला थकलेल्या हप्त्यांत हेर दिसतो, याचंच मला नवल वाटतं.

काका : दिसतो, कारण दिसलेला आहे. जॉन वॉकर नौदलात होता. साउथ कॅरोलिनात त्यानं बार काढला, तो तोट्यात गेला. १९६७ मध्ये तो वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत चालत गेला आणि पुढे सुमारे १७ वर्षं नौदलाच्या सांकेतिक संदेशांच्या किल्ल्या विकत राहिला. रोनाल्ड पेल्टन एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेत होता. १९७९ मध्ये दिवाळखोरीत गेला, नोकरी सोडली आणि १९८० च्या जानेवारीत त्याच वकिलातीत गेला. त्याच्या हातात एक कागद नव्हता. फक्त स्मरणशक्ती होती. ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी सोव्हिएत केबलवर अमेरिकेनं जे यंत्र बसवलं होतं, ते गुपित त्यानं तोंडी सांगितलं. मिळाले किती, तर साधारण ३५ हजार डॉलर. आणि सीआयएचा आल्ड्रिच एम्स. घटस्फोट, नव्या संसाराचा खर्च, डोक्यावर देणी. १९८५ च्या एप्रिलमध्ये त्यानं ५० हजार डॉलर मागितले. त्याच्या विश्वासघातानं निदान दहा माणसं प्राणाला मुकली.

अनुजा : आता मी बोलू? ही तीन नावं मीही वाचली आहेत आणि तिन्ही तुमच्या विरुद्ध जातात. पेल्टननं दिवाळखोरी लपवली नव्हती. ती न्यायालयात नोंदलेली होती. मग जाहीर करून काय साधलं? एम्सनं पुढे आर्लिंग्टनमध्ये ५ लाख ४० हजार डॉलर रोख मोजून घर घेतलं, जॅग्वार गाडी घेतली. सरकारी पगारावर! विचारलं तर सांगायचा, बायकोच्या माहेरचे कोलंबियात श्रीमंत आहेत. लाय-डिटेक्टरच्या चाचण्याही पास झाला. त्याला पकडायला १९९४ उजाडलं. आणि आना माँटेस? संरक्षण गुप्तचर खात्यात बसून वर्षानुवर्षं क्यूबासाठी हेरगिरी करत होती, २००१ मध्ये पकडली गेली. तिनं ते पैशासाठी केलंच नव्हतं. विचारांसाठी केलं. क्रेडिट रिपोर्टमध्ये विचार दिसतात का? खरे चोर असे निसटतात आणि हॉस्पिटलचं बिल थकलेली नर्स, हप्ता चुकलेला शिपाई यांची झडती होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

काका : माँटेसचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. पैशाची चौकशी प्रत्येक हेर पकडते, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. पेल्टनबद्दलही तुझं म्हणणं मला मान्य करावं लागेल. त्याची दिवाळखोरी कागदावर होती, पण त्या माणसाला पुढे काय होतंय, हे विचारणारं कुणी नव्हतं. सांगणं हा अर्धा भाग झाला. ऐकणाऱ्यानं त्याचं काही करायला हवं. एम्सच्या प्रकरणानं निदान एवढं घडलं, की १९९५ मध्ये क्लिंटन यांनी नवा कार्यकारी आदेश काढला आणि गोपनीय कामावरच्या माणसांच्या आर्थिक व्यवहारांकडे पाहण्याची चौकट घट्ट झाली. पण अनुजा, तुझ्या युक्तिवादातून निघतं काय? यंत्रणा आंधळी ठरली म्हणून आपणही तिच्यापासून लपवावं?

अनुजा : लपवावं असं नाही म्हणत. मी म्हणतेय, जी यंत्रणा कर्जाला चारित्र्याचं माप समजते, तिला माझ्या घरची गोष्ट सांगायला मी बांधील का आहे? त्यांच्या निकषांत लिहिलंय, की कर्ज न फेडणं हे आत्मसंयम नसल्याचं, विवेक नसल्याचं लक्षण असू शकतं. दादाला आत्मसंयम नव्हता? त्याची बाग दोनदा गारपिटीनं झोपली. इकडेही तेच. २०१८ च्या डिसेंबरापासून सरकारचं कामकाज ३५ दिवस बंद राहिलं. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. ज्या सरकारनं पगार दिला नाही, त्याच सरकारच्या कर्मचाऱ्यांना घराचा हप्ता चुकला तर क्लिअरन्सचं काय होईल, अशी धास्ती पडली. हा कुठला न्याय?

काका : तो न्याय नव्हताच. एफबीआयच्या एजंटांच्या संघटनेनं तेव्हा हीच भीती उघड बोलून दाखवली होती. पण तू निकषांचं पहिलंच वाक्य वाचून थांबलीस. एकूण १३ निकष आहेत. २०१७ पासून ते सगळ्या खात्यांना सारखे लागू आहेत. आर्थिक बाबींचा निकष ‘एफ’. त्याच्या पोटातच लिहिलंय, की अडचण माणसाच्या हाताबाहेरच्या कारणानं आली असेल, म्हणजे नोकरी गेली, धंदा बसला, अचानक आजारपण, मृत्यू, घटस्फोट, सावकारी पद्धतीच्या कर्जात फसणं, आणि त्या परिस्थितीत तो जबाबदारीनं वागला असेल, तर ते त्याच्या बाजूनं धरायचं. प्रामाणिकपणे फेड सुरू केली असेल, ते बाजूनं. विश्वासार्ह ठिकाणी सल्ला घेत असेल, ते बाजूनं. देणंच वादग्रस्त असेल आणि वादाला कागदोपत्री आधार असेल, तेही बाजूनं. कुठलीही एक गोष्ट सुटी न काढता सगळा माणूस पाहायचा, असं सुरुवातीलाच बजावलंय. त्यांचा रोख कर्ज किती यावर कमी असतो. ते का झालं आणि झाल्यावर तू काय केलंस, हे ते पाहतात.

अनुजा : कागदावर सगळंच छान असतं. पण शंका आली तर निकाल कुणाच्या बाजूनं? सरकारच्या. सिद्ध कुणी करायचं? अर्जदारानं. इगन खटल्यात सुप्रीम कोर्टानंच १९८८ मध्ये सांगितलं, की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही. माझा हक्कच नाही आणि तरी मी सगळं उघडं करून ठेवायचं!

काका : हक्क नाही, हे खरं. दुसऱ्याची गुपितं सांभाळायला मिळणं हा हक्क होऊच शकत नाही. तो विश्वास आहे आणि विश्वास मागणाऱ्यानं पहिलं पाऊल टाकायचं असतं. पण मनमानीही नाही. विल्यम ग्रीन नावाचे विमान अभियंते होते. निनावी माहितीवरून त्यांचा क्लिअरन्स काढला, नोकरी गेली. १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते चुकीचं ठरवलं. त्यातून पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर यांचा कार्यकारी आदेश निघाला. आज कंत्राटदाराच्या माणसाला नकार द्यायचा असेल तर आधी कारणं लेखी द्यावी लागतात. उत्तराला २० दिवस मिळतात, न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, कागद आणि साक्षीदार आणता येतात, विरोधात निकाल गेला तर अपीलही आहे. हे निकाल नावं वगळून प्रसिद्ध होतात. कुणालाही वाचता येतात. मी बरेच वाचले आहेत.

अनुजा : आणि काय दिसलं?

काका : ढोबळ मानानं दोन प्रकारची माणसं दिसली. पहिल्याचं देणं मोठं, कधी दिवाळखोरीपर्यंत गेलेलं. पण फॉर्ममध्ये सगळं लिहिलेलं, कारण सांगितलेलं, दर महिन्याला थोडं थोडं भरत असल्याच्या पावत्या जोडलेल्या. अशा बऱ्याच जणांना क्लिअरन्स मिळालेला दिसतो. दुसऱ्याचं देणं त्या मानानं किरकोळ. एखादं बंद झालेलं क्रेडिट कार्ड, वसुलीला गेलेलं फोनचं बिल. पण ‘नाही’ लिहिलेलं. तपासनिसानं विचारलं तेव्हा म्हणाला, आठवलं नाही. रिपोर्ट पुढे ठेवला तेव्हा म्हणाला, नोकरी जाईल म्हणून लिहिलं नाही. त्या क्षणी त्याचं प्रकरण ‘एफ’मधून ‘ई’ निकषात गेलं. ‘ई’ म्हणजे वैयक्तिक वर्तन. आधी फक्त पैशाचा प्रश्न होता. आता फॉर्मवरच्या सहीखाली तो खोटं बोलतो का, हा प्रश्न झाला. थकलेलं बिल दुसऱ्या दिवशी भरता येतं. दिलेली खोटी सही परत घेता येत नाही.

अनुजा : आणि खरंच विसरला असेल तर?

काका : विसरणं हा गुन्हा नाही. प्रश्नाचा अर्थ चुकीचा समजणं हाही नाही. उत्तर चुकलं एवढ्यावरून खोटेपणा सिद्ध होत नाही. जाणूनबुजून चुकवलं, हे दिसावं लागतं. आणि चुकवलंच असेल, तर समोरून कुणी पुरावा ठेवण्याआधी आपण होऊन दुरुस्त केलं, तर नियम ते बाजूनं धरतो. पण तुझ्या बाबतीत ‘विसरले’ म्हणायची सोय नाही. नोटिशीचा फोटो तुझ्या फोनमध्ये आहे. तू तीन रिपोर्ट काढून पाहिलेस, म्हणजे दिसतंय का याची खात्री करून घेतलीस. याला जाणूनबुजून म्हणतात. संघराज्याच्या कायद्यात अशा खोट्या निवेदनाला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. फॉर्मच्या शेवटी सहीच्या आधी ते छापलेलंच असतं.

अनुजा : (थांबून) आईला काय सांगू? तिच्या माहेरची अब्रू आहे. नागवं-उघडं जे काही असेल ते घरात, असं तिनं आम्हाला शिकवलं. तुमच्याही आईनं हेच शिकवलं असेल.

काका : शिकवलं. आणि ते वाईट नव्हतं. शेजाऱ्याला आपल्या देण्याघेण्याचं काय करायचंय? पण फॉर्म म्हणजे शेजार नव्हे. तो वाचणारी माणसंही गुप्ततेनं बांधलेली असतात. आणि हे अमेरिकन खूळ आहे असं समजू नकोस. भारतात केंद्र सरकारच्या नोकरांचे १९६४ चे वर्तणूक नियम काढून बघ. नियम १७. सरकारी नोकरानं व्यवहार असे ठेवावेत, की कायमचं कर्जबाजारीपण येऊ नये. आणि कर्जवसुलीची किंवा दिवाळखोरीची कारवाई झाली तर त्यानं ती ताबडतोब सरकारला कळवावी. तुझे आजोबा पोस्टात होते, त्यांना हा नियम लागू होता. आपल्या घरात ही गोष्ट नवी नाही.

अनुजा : समजा मी लिहिलं. मग चौकशी सुरू होईल. परदेशातलं देणं, परदेशातले नातेवाईक, पैसे कुणाला पाठवते, का पाठवते. जन्मानं इथल्या असलेल्या माणसाला हे विचारत नाहीत. आमच्यासारख्यांना दुहेरी ओझं.

काका : आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परदेशातलं घर, जमीन, खातं यांसाठी फॉर्ममध्ये वेगळा विसावा भाग आहे. तिकडच्या जवळच्या माणसांचीही माहिती द्यावी लागते. तुझ्या नावावरचा पुण्यातला फ्लॅट तिथे लिहिलास ना? या दोन भागांची संगती लागली पाहिजे. तू फ्लॅट लिहिलास आणि तासगावची नोटीस गाळलीस, तर तपासनीस उद्या विचारेल, की भारताकडे दरमहा जाणारे पैसे कशाचे? तेव्हा तू सांगणार काय? आणखी एक. पूर्वी ठरावीक वर्षांनी फेरतपासणी व्हायची. आता सतत नजर असते. नोंदी आपोआप तपासल्या जात राहतात. शिवाय क्लिअरन्स मिळाल्यावरही १२० दिवसांवर थकलेलं देणं स्वतः कळवायचं बंधन आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

अनुजा : बरं. लिहायचं तर काय लिहायचं, ते तरी सांगा.

काका : जेवढं आहे तेवढं. ‘हो’ निवडलंस की पुढे रकाने उघडतात. कुणाचं देणं, खाते क्रमांक, रक्कम, कारण, आत्ताची स्थिती. रक्कम रुपयांत आणि डॉलरमध्ये लिही. कारणात रडगाणं नको, दादाला शिव्या नकोत. जामीनदार म्हणून सही कोणत्या साली केली, हप्ते कधीपासून थकले, तुला नोटीस कधी मिळाली. टिपणाच्या जागेत दोन ओळी. त्याआधी सांगलीला फोन करून पतसंस्थेकडून कर्जखात्याचा उतारा मागव. दादाशी बोल, एकरकमी तडजोड होते का बघ. होत नसेल तर दरमहा किती भरायचं ते लेखी ठरवून घे. तू काही भरणार असशील तर बँकेतून भर, हवाला किंवा हातोहात नको. पावती जपून ठेव. फेड झाली की बेबाकी दाखला घे. आणि एक चूक करू नकोस. फॉर्म भरायच्या आधी हे मिटवायचं म्हणून इथे क्रेडिट कार्डावर पैसे उचलू नकोस. एक देणं लपवायला दुसरं देणं उभं करणारा माणूस त्यांना सगळ्यांत धोकादायक वाटतो, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

अनुजा : फेडायला नकाराच्या लेखी कारणांची वाट पाहिली तर?

काका : मग फेडीचं वजन कमी होतं. ती कारणं हातात आल्यावर धावपळ करून भरलेले पैसे आणि आधीपासून शांतपणे भरलेले हप्ते, यांत अपील मंडळ फरक करतं.

अनुजा : मी लिहीन, काका. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. कर्जाकडे चारित्र्याचा दाखला म्हणून बघणं चूक आहे. ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याला कधी हप्ता चुकवायची वेळच येत नाही. त्याचं चारित्र्य तपासलंच जात नाही. आणि सांगणाऱ्यालाच जास्त जाच झाला, त्याचं काम महिनोन्महिने लटकलं, तर मागून येणारा लपवायलाच शिकेल. प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्यानं प्रामाणिक माणसाला सुखरूप ठेवायची जबाबदारी घेतली पाहिजे.

काका : ते सरकारला ऐकवायला हवं आणि तू ऐकव. सुरक्षा अधिकारी म्हणून माझ्याकडे जे लोक कर्जाची गोष्ट घेऊन यायचे, त्यांचा चेहरा पडलेला असायचा. त्यांना पहिल्यांदा खुर्ची द्यायची असते, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं जात नाही. शिकवलं पाहिजे. फक्त तुझी ही लढाई खऱ्या उत्तरावर उभी राहून लढ. खोट्या ‘नाही’वर उभं राहून व्यवस्थेला जाब विचारता येत नाही.

या दोघांत कोण बरोबर? अनुजाचा आक्षेप खरा आहे. कर्ज बहुतेकांच्या वाट्याला आळसानं किंवा उधळपट्टीनं येत नाही. आजारपणानं, अवकाळीनं, गेलेल्या नोकरीनं आणि नात्यापोटी केलेल्या सहीनं येतं. त्याला स्वभावातला दोष समजणारी कुठलीही व्यवस्था गरिबाला जास्त जाचते. हा दोष अमेरिकेच्या निकषांतून पूर्ण गेलेला नाही आणि तो जायला हवा. पण झाकण्याच्या बाबतीत काकांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. उघड्या कर्जाला कारण असतं, पावती असते, फेडीची तारीख असते. झाकलेल्या कर्जामागे फक्त भीती असते. ती भीती ज्याच्या लक्षात येईल, त्याच्या हाती माणूस सापडतो. सव्वासहा लाखांसाठी कुणी देश विकत नाही; पण सव्वासहा लाख लपवण्यासाठी दिलेली खोटी सही माणसाची उमेदवारी संपवते.

म्हणून अशा नोकऱ्यांच्या वाटेवर असलेल्या आपल्या मुलामुलींना कळकळीचं सांगणं आहे. फॉर्म उघडण्याआधी अमेरिकेतले आणि भारतातले दोन्हीकडचे क्रेडिट रिपोर्ट मागवा. गावाकडे कुणाला जामीन राहिला आहात का, ते आठवा आणि घरी विचारा. जे निघेल ते लिहा, अडलं तर या विषयातल्या वकिलाला विचारा. आणि गावाकडच्या मामा-काकांनाही एक विनंती : ‘नुसती सही तर आहे’ म्हणून परदेशी निघालेल्या पोरांपुढे जामिनाचा कागद सरकवू नका, आणि सरकवलाच असेल, तर हप्ता थकल्याचं त्यांना नोटीस येण्याआधी तुम्ही स्वतः सांगा.